बंदुकीनंतरचा नांगर
१८१८ मध्ये पेशवाई संपून ब्रिटिशांच्या अमलाखाली आलेल्या खानदेशात सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतील भिल्लांशी चाललेला संघर्ष निव्वळ फौजेच्या बळावर मिटेना, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रम या अधिकाऱ्याने धरणगावास त्यांच्यातूनच ‘भिल्ल कोअर’ ही पलटण उभारली; त्याच धोरणाचे दुसरे अंग असे की, काल सरकारशी लढलेल्यांना पडीक जमीन आणि तगाई, म्हणजे बी-बैलांसाठी सरकार देत असलेली उचल, देऊन शेतीवर वसवण्यात आले. औट्रमचे चरित्र सविस्तर लिहिले गेले. रान साफ करून पहिली वहिती करणारे हे लढवय्ये मात्र बहुतांशी अनामिकच राहिले (इतिहासलेखनाची ही जुनीच खोड). धुळे-जळगावच्या शेतीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आरंभ या वसाहतींपासून करावा.