पिवळी जर्सी आणि फातोर्डा

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर फुटपाथवाल्यांकडे टांगलेल्या जर्सींमध्ये ब्राझीलची पिवळी हमखास असते. ती घालून मिरवणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की ही जर्सी घरच्या मैदानावरच्या पराभवातून आली? १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना स्टेडियमवर जगज्जेता व्हायला ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. दोन लाखांच्या घरात प्रेक्षक होते. आधी आघाडी घेऊनही ब्राझील उरुग्वेकडून १-२ असा हरला. त्या हरण्याने देश असा हादरला की संघाचा पांढरा पोशाखच लोकांना नकोसा झाला. पुढे नव्या जर्सीसाठी एका वृत्तपत्राने स्पर्धा घेतली, अट एकच: राष्ट्रध्वजाचे सगळे रंग त्यात हवेत. गोलरक्षक बार्बोसाला त्या सामन्यासाठी आयुष्यभर दोष दिला गेला. तो अन्यायच होता. पण त्या देशाला पराभव लागला, हेही तितकेच खरे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारतही आधी आघाडी घेऊन १-२ असाच हरला, सिंगापूरकडून. चौदाव्या मिनिटाला भारताच्या छांगतेने लांबून फटका मारला आणि चेंडू थेट जाळ्यात! फुटबॉलवर जीव असलेला माणूस अशा वेळी खुर्चीत बसून राहू शकत नाही. मध्यंतर तोंडावर आले असताना सिंगापूरच्या साँग उइ-यंगने बरोबरी केली. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला दुसरा गोलही त्याचाच. त्यानंतरचा अर्धा तास फार वाईट गेला. एकेक पास चुकताना नजर आपोआप घड्याळाकडे जायची. वेळ संपत आली हे दिसत होते, तरी एक गोल होईल ही आशा सोडवत नव्हती. तो झाला नाही. २०१९ आणि २०२३ असे लागोपाठ दोन आशियाई चषक खेळलेल्या भारताला २०२७च्या चषकाची दारे बंद झाली. गटात बाकीचे दोघे होते बांगलादेश आणि हाँगकाँग. चार सामने झाले तरी एकही विजय हाती नव्हता. आणि ज्याच्याकडून हरलो त्या सिंगापूरची लोकसंख्या अवघी साठेक लाख आहे.

दोष खेळाडूंना द्यायचा तर जरूर द्यावा, पण मग भारतीय फुटबॉल महासंघालाही सोडू नये. व्यावसायिक हक्कांचा करार अडला म्हणून जुलैमध्ये इंडियन सुपर लीग थांबवली गेली. लीग केव्हा सुरू होणार, होणार की नाही, हे खेळाडूंनाच ठाऊक नव्हते. अशा अवस्थेत ऑगस्टमध्ये प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांच्या हाती संघ दिला आणि दोन महिन्यांत चमत्काराची अपेक्षा धरली. संघ फातोर्ड्यावर हरला खरा, पण तो अर्धा हरला होता कार्यालयांत, कागदपत्रांवर.

याहून अधिक खुपते ते आपले गप्प राहणे. १५ मार्च २०१६ला नागपूरजवळच्या जामठ्यात क्रिकेटमध्ये न्यूझीलंडने भारताला ७९ धावांत गुंडाळले, तेव्हा नागपुरातल्या पानठेल्यांवर खेळपट्टीवरून कडाक्याची भांडणे झाली. फातोर्ड्यातल्या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवर त्याचा साधा विषयही निघाला नाही. आणि नागपूर काही फुटबॉलला परके गाव नाही! पलीकडच्या कामठीत हा खेळ पिढ्यान् पिढ्या खेळला जातो. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन २००१ मध्ये इथेच काम उभे केले. त्यावरचा नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ हा चित्रपट २०२२ मध्ये साऱ्या देशाने पाहिला. तरीही सीताबर्डीला लागून असलेल्या यशवंत स्टेडियमचे नाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते हिवाळी अधिवेशनातल्या मोर्चांमुळे. मोर्चांना जागा हवी, याबद्दल वाद नाही. पण भर शहरातले मैदान आधी खेळणाऱ्या पोरांचे असायला हवे आणि ते तसे राहावे यासाठी शहराने आग्रह धरला पाहिजे.

महासंघाने लीगचे वेळापत्रक हंगामाच्या आधी जाहीर करावे आणि ते पाळावे. एवढी मागणी मोठी नाही. आणि मँचेस्टर, माद्रिदच्या संघांसाठी रात्र रात्र जागणाऱ्या नागपूरकर मित्रांनो, एखाद्या संध्याकाळी कामठीला जा. मैदानाच्या कडेला उभे राहून स्थानिक संघाचा एक अख्खा सामना पाहा. संघ जिंकला तर टाळ्या वाजवा, हरला तर त्याच्यावर मनापासून चिडा, आणि पुढच्या सामन्याला पुन्हा जा.