स्पेंट वॉश आटवायचा कसा, हे सभासदांनीही विचारावे



आसवनीचा विषय निघाला की आपली चर्चा इथेनॉलच्या दरावर सुरू होते आणि तिथेच संपते. मोलॅसिसपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते बारा लिटर स्पेंट वॉश निघतो, त्याचे काय? रोज ३० हजार लिटरची लहान आसवनी धरली तरी अडीच-तीन लाख लिटर काळे पाणी झाले. कोरड्या मुलखात ते तळ्यात साठवून उन्हावर सोडता येईल. मावळात हा हिशेब चालायचा नाही. बेडसे-कामशेतकडे आषाढात भाताची खाचरे तुडुंब भरतात, तिथे उघडे तळे आटणार की फुटणार? फुटले तर पवनेत. अन् खाली पिंपरी-चिंचवड तेच पाणी पिते.

तेव्हा यंत्राने आटवणे आले. आटवणे आपल्याला नवे नाही. गुऱ्हाळात कढईची वाफ आढ्याला जाते, फुकट. कारखान्यात तसे नाही. पहिल्या भांड्याची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. व्हॅक्यूममुळे पुढचे भांडे कमी उष्णतेवर उकळते. लुइझियानाच्या नॉर्बर्ट रिल्यू यांनी १८४० च्या दशकात ही युक्ती साखरेसाठीच काढली. एका भांड्यात टनभर वाफेला जेमतेम टनभर पाणी उडते, पाच भांड्यांत चार टनांच्या आसपास.

पण स्पेंट वॉश म्हणजे उसाचा रस नव्हे, बरं का. त्यात क्षार भारी. पातळ असेतो नळ्यांच्या आतून पापुद्र्यासारखा खाली उतरवणारा फॉलिंग फिल्म संच उत्तम, वाफ कमी खातो. घट्ट झाल्यावर मात्र त्याच नळ्यांत कॅल्शियमचे कीटण धरते. तिथे पंपाने जोरात फिरवणारा फोर्स्ड सर्क्युलेशन संचच हवा. त्याला वीज जास्त लागते, म्हणून स्वस्त टेंडरवाला तो गाळतो. मग महिन्यात चार वेळा नळ्या घासत बसा, आणि तोवर पाणी तळ्यात! वाफच कॉम्प्रेसरने दाबून पुन्हा वापरणारा एमव्हीआर संचही मिळतो. पण बगॅसची वाफ हाताशी असताना विजेवर चालणारे यंत्र कशाला, असे माझे मत.

गाळप चार-पाच महिने, आसवनी त्याहून जास्त. बंद हंगामात वाफ कुठली? घट्ट केलेला स्पेंट वॉश बगॅस किंवा कोळशाबरोबर जाळणारा बॉयलर असेल तर ती तिथूनच मिळते. शिवाय राखेत पोटॅश राहते. आपल्या उसाने जमिनीतून उचललेलेच ते. देश पोटॅश बाहेरून आणतो. म्हणून या राखेच्या खताला, म्हणजे १४.५ टक्के पोटॅशच्या पीडीएमला, २०२१ पासून केंद्राच्या अनुदान योजनेत जागा मिळाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये खत कंपन्यांनी कारखान्यांना द्यायचा दर टनाला ४,२६३ रुपये ठरला. ती राख कोणाच्या नावावर विकली जाणार आणि तिचा पैसा ऊसबिलात दिसणार की नाही, हे टेंडर निघण्याआधीच वार्षिक सभेत लिहून घ्यावे.

— एक ऊस उत्पादक सभासद, बेडसे