व्हिएतनाम आपला कोण?

मिलच्या गेटावर आपलीच पोरं मला विचारतात, व्हिएतनाम आपला कोण? बाबासाहेब तर कम्युनिस्टांच्या विरोधात होते!

होते. पण अमेरिकेनं तिथं पोसला कोण? दियेम. जिनिव्हात ठरलेल्या १९५६च्या निवडणुका त्यानं होऊच दिल्या नाहीत. हो ची मिन्ह जिंकला असता. १९६३च्या बुद्धपौर्णिमेला ह्युए शहरात पंचरंगी धम्मध्वजाला बंदी केली, त्याच्या शिपायांनी जमावातली माणसं मारली. ११ जूनला भिक्खू थिच क्वांग डुक यांनी सायगॉनच्या रस्त्यात स्वतःला पेटवून घेतलं. ते काय कम्युनिस्ट होते?

ज्या काळ्यांना घरी धड माणूस मानलं नाही, त्यांनाही तिथं मरायला धाडलं. ही चाल आपल्या ओळखीची आहे. १९१७ला साहेबाला महार पलटण लागली, १९२१ला मोडली. १९२९ला याच चाळीसगावात टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेलं नाही. नवख्या हातानं टांगा हाकला, बाबासाहेबांचा पाय मोडला.

१९७५ला सायगॉन पडलं. कम्युनिझम थांबला नाही. लाखो माणसं मात्र मेली, रान विषानं जळालं.

उद्या कुणी 'तो लाल आहे, मारा' म्हणालं, तर दोस्तांनो, आधी विचारा : तुझ्या विहिरीवर आम्हाला पाणी आहे का?