विश्लेषण : जीव वाचला, रुग्ण घरी परतला, पुढे त्याची खबर कोण ठेवणार?

मानसिक संकटातल्या माणसासाठी हेल्पलाइन, रुग्णवाहिका, दवाखाना, पोलीस आणि आशा कार्यकर्ती अशा अनेक सेवा आज उपलब्ध आहेत. मात्र एका सेवेकडची माहिती दुसरीपर्यंत पोहोचतेच असे नाही. भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावात ही त्रुटी जिवावर बेतू शकते.

नेमका प्रश्न काय?

समजा, हसनाबाद परिसरातील एका तरुण शेतकऱ्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. घरच्यांनी १०८ला फोन केला, प्राथमिक उपचार झाले आणि त्याला जालन्याला किंवा प्रकृती गंभीर म्हणून थेट छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात हलवले. पोलिसांनी जबाब घेतला. काही दिवसांनी तो बरा होऊन घरी आला. रुग्णवाहिकेचे काम रुग्णालयाच्या दारात संपले, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्डावर आणि पोलिसांचे नोंदवहीत. गावातल्या आशाताईंना मात्र कळले ते पारावरच्या चर्चेतून. त्याला कर्जाच्या काळजीने झोप लागत नाही, हे कोणत्याच कागदावर नाही. शिवाय घाटी शेजारच्या जिल्ह्यात. तिथला कागद जालन्याच्या यंत्रणेकडे आपोआप येईल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

कोणत्या सेवा आहेत?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून, तर त्याअंतर्गत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून सुरू आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याच्या आरोग्य विभागाने २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. त्यात आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे असलेल्या व्यक्ती शोधायच्या आणि त्यांना समुपदेशनापर्यंत पोहोचवायचे, अशी रचना आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ सुरू झाले. १४४१६ या क्रमांकावर २४ तास मराठीतही बोलता येते. आधी समुपदेशक आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ, असे त्याचे दोन स्तर आहेत. थोडक्यात, सेवा आहेत. त्या एकमेकींशी बोलत नाहीत, हे दुखणे आहे.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे कलम ११५ गृहीत धरते. तिला शिक्षा नव्हे, तर उपचार आणि पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. कलम १०० नुसार पोलिसांनी संरक्षणाखाली घेतलेल्या मनोरुग्ण व्यक्तीला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते, तिला कोठडीत ठेवता येत नाही.

माहिती पुढे का दिली जात नाही, असे विचारले की गोपनीयतेकडे बोट दाखवले जाते. गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच आहे. पण त्याच कायद्याचे कलम २३ उपचारासाठी आवश्यक माहिती दुसऱ्या आरोग्य व्यावसायिकाला देण्याची मुभा देते. म्हणजे जिल्हा रुग्णालयाने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवण्यात अडचण नाही. आशा कार्यकर्तीला सांगायचे असेल तर रुग्णाला आधी विचारावे. गाव लहान असते, बोभाटा झाला तर माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही.

पाठपुराव्याने खरेच फरक पडतो का?

पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबोसह पाच देशांतील पाच ठिकाणी १८६७ रुग्णांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सर्व आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेले होते. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाशी त्याबरोबरच सुमारे तासभर सविस्तर बोलले गेले आणि १८ महिन्यांत नऊ वेळा फोनवर किंवा भेटून चौकशी झाली. नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला, तर चौकशी झालेल्या गटात ०.२ टक्के. यासाठी ना महागडे यंत्र लागले, ना नवी इमारत. ‘कसे आहात?’ असे ठरलेल्या दिवशी विचारणारे माणूस तेवढे लागले.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, डिस्चार्ज देतानाच रुग्णाच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन आणि सोबत एक पानी चिठ्ठी. दुसरी, केंद्राकडून ‘रुग्ण भेटला’ अशी उलट पोच. ती आली नाही तर पुन्हा फोन. तिसरी, प्रत्येक केंद्रात या कामासाठी एक ठरलेली व्यक्ती आणि एक ठरलेला क्रमांक, जो रुग्णालय, टेलि-मानस, १०८ आणि पोलीस ठाणे या सर्वांकडे असेल. चौथी, महिन्यातून एकदा या सर्वांची बैठक, आणि त्यात जालन्यासोबत शेजारच्या जिल्ह्यातील रुग्णालयाचाही प्रतिनिधी. हे काम आशा कार्यकर्तीवर टाकायचे असेल, तर त्याचा मोबदला आणि प्रशिक्षणही द्यायला हवे. तिच्या डोक्यावरचे ओझे आधीच कमी नाही.

जालन्यात ३६५ खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला राज्य सरकारने मंजुरी दिली आहे. त्याचे स्वागतच. पण खाटा वाढल्या तरी रुग्णाला शेवटी घरीच परतायचे असते. तो हसनाबादच्या स्टँडवर उतरेल, तेव्हा तो येणार आहे हे गावात किमान एका जबाबदार माणसाला माहीत असावे, ही मागणी फार मोठी नाही.

(मानसिक त्रास जाणवत असल्यास किंवा जवळच्या कुणाची काळजी वाटत असल्यास टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर संपर्क साधा. जिवाला तातडीचा धोका असल्यास १०८ किंवा ११२ वर फोन करा आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नका.)