संस्कार की साचा?

गुलामगिरी म्हटली की बेड्या, चाबूक आणि अंधारकोठडी डोळ्यांसमोर येते. इंग्रज लेखक अल्डस हक्सले यांच्या १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीतील जागतिक राज्यात यांपैकी काहीही दिसत नाही. तेथील प्रजा निरोगी आहे, सुखवस्तू आहे आणि मुख्य म्हणजे संतुष्ट आहे. या संतोषातच कादंबरीचे सारे भय दडलेले आहे.

या राज्यात कालगणना फोर्डच्या मोटारीपासून होते आणि माणूसही कारखान्यातच तयार होतो. एका बीजापासून ९६ पर्यंत एकसारखी माणसे बाटल्यांत वाढविली जातात. अल्फा ते एप्सिलॉन या पाच श्रेणी जन्माआधीच ठरतात. कनिष्ठ श्रेणीच्या गर्भाला प्राणवायूच कमी दिला जातो. कुटुंब संपले आहे, ‘आई’ हा शब्द अश्लील ठरला आहे.

पुढचे काम शिक्षणाचे. आठ महिन्यांच्या बालकांपुढे पुस्तके आणि गुलाब मांडले जातात. त्यांनी हात लावताच कर्कश भोंगे वाजतात आणि विजेचा झटका बसतो. फुलांचा तिटकारा कशासाठी? निसर्गप्रेमाला पैसे पडत नाहीत, त्यावर कारखाने चालत नाहीत, म्हणून! आपलीच श्रेणी उत्तम, हा धडा झोपेतल्या मुलांच्या कानी १२० वेळा, आठवड्यातून तीनदा, तीस महिने घातला जातो. इतके करूनही मन अस्वस्थ झालेच, तर ‘सोमा’ नावाची गोळी आहे.

या राज्याबाहेर, न्यू मेक्सिकोतील आदिवासी वस्तीत वाढलेला जॉन आपल्या मरणासन्न आईजवळ बसतो, तो प्रसंग विलक्षण आहे. मृत्यूची सवय लागावी म्हणून तेथे आणलेली मुले तिच्याकडे कुतूहलाने पाहत राहतात. जॉन हुंदके देऊ लागतो, तेव्हा परिचारिकेला काळजी वाटते ती मुलांवरील शिक्षण वाया जाण्याची! ती त्यांना चॉकलेटची मिठाई वाटते. दुःख नाहीसे करता करता या समाजाने माणसाचे माणसाशी असलेले नातेच नाहीसे केले आहे.

मुलाला घडविणे प्रत्येक समाज करतो, प्रत्येक घरही करते. मग संस्कार आणि ही साचेबंद घडण यांत भेद कोणता? संस्काराने विवेक जागा होतो; ज्याने संस्कार दिला, त्यालाही प्रश्न विचारण्याचे बळ त्यातून मिळते. साच्यातून निघालेल्याला प्रश्न पडतच नाही. नियंत्रक मुस्तफा माँड मात्र अजाण नाही. बंदी घातलेले ग्रंथ तो स्वतःच्या तिजोरीत ठेवतो. स्थैर्यासाठी सत्याचा आणि सौंदर्याचा बळी दिला आहे, हे तो जाणतो. जॉन त्याच्यापुढे दुःखी होण्याचा हक्क मागतो आणि अखेरीस एकाकीपणात आत्मघात करतो.

आपली भाकिते अपेक्षेहून लवकर खरी ठरत असल्याचे हक्सले यांनीच १९५८ साली नमूद केले. आज हातातला पडदा प्रत्येकाची आवड हेरून तेच ते पुन्हा पुढे करतो, तेव्हा झोपेतल्या त्या धड्यांची आठवण होते. येथे सक्ती नाही, म्हणूनच सावधपण अधिक हवे. त्याचा आरंभ घरातून होऊ शकतो. मुलाने ‘असे का?’ म्हणून विचारले, तर त्याच्या हाती मिठाई किंवा मोबाइल देऊन त्याला गप्प करू नये. त्याच्याजवळ बसून उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसेल तर तेही सांगावे.