साल आणि गाभा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत शेवटच्या स्टँडमधून सुटलेली सळई हजार अंशांच्या आसपास असते. वॉटर बॉक्समधून जाता जाता तिची साल काळी पडते, गाभा मात्र लालच राहतो. कूलिंग बेडवर आतली धग बाहेर येते, साल पुन्हा तांबूस होते आणि कडक झालेले कवच टेम्पर होते. साल आणि गाभा यांत मुद्दाम पाडलेली ही तफावत म्हणजेच टीएमटी. आपले पोट जिच्यावर चालते, त्याच तफावतीने वेगवान विमाने बांधणाऱ्यांची झोप उडते.

आपल्या हवाई दलाकडे 1981 ते 2006 या काळात मिग-25 विमाने होती. त्या विमानांच्या, म्हणजे आवाजाच्या 2.83 पट, वेगाला नाकापुढे अडलेली हवा तीनशे अंशांच्या घरात तापते. साधे अॅल्युमिनियम दीडशेच्या पुढेच ढिले पडू लागते. म्हणून मिग-25चा सुमारे 80 टक्के सांगाडा चक्क पोलादाचा, तोही वेल्डिंगने जोडलेला! (पोलादाच्या गावात हे सांगताना छाती थोडी फुगतेच.) पण पोलाद घातले म्हणून प्रश्न मिटत नाही. वेग घेताना बाहेरचा पत्रा आधी तापतो, आतल्या फासळ्या थंडच असतात. पत्र्याला वाढायचे असते, फासळ्या वाढू देत नाहीत. पोलाद पूर्ण जखडून शंभर अंश तापवले, तर सुमारे 240 मेगापास्कल ताण येतो. म्हणजे बाहेरून काही भार नसताना फे-500 सळईच्या किमान यील्डच्या जवळपास निम्मा! वेग उतरला की सगळे उलटे, आणि हे दर उड्डाणाला.

एसआर-71 या अमेरिकी वेगवान विमानाच्या पंखांवर म्हणूनच पन्हळी पत्रा होता, वाढायला जागा देणारा. दुसरी वाट थंड ठेवण्याची: हैदराबादच्या डीआरडीएल या संरक्षण प्रयोगशाळेने एप्रिल 2025 मध्ये अतिवेगवान उड्डाणासाठीच्या स्क्रॅमजेट इंजिनाचा ज्वलनकक्ष जमिनीवर हजार सेकंदांहून अधिक चालवला, तो सतत थंड ठेवूनच.

जालन्याची सळई उद्या विमानात बसेल, अशा भ्रमात कोणी राहू नये. भंगारावर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत पोलादाला ठिसूळ करणारा फॉस्फरस सहजी निघत नाही, तिथेच गाडी अडते. तफावत मोजण्याची शिस्त मात्र आपल्याला आजच उचलता येईल. वॉटर बॉक्सच्या आधी पायरोमीटर लावून भागत नाही. बेडवर साल पुन्हा किती तापली, तो आकडा हवा. एखादे नोझल चोंदले की कवच एका बाजूला जाड, दुसरीकडे चंद्रकोरीच्या टोकासारखे बारीक होते. सळईचा तुकडा कापा, घासा, नायटल लावा आणि कवचाच्या कड्याची जाडी चारही बाजूंनी मोजा. अशा कड्यांचे फोटो, पाण्याचा दाब आणि बेडवरचे तापमान आमच्याकडे पाठवा. मिलचे नाव न घालता छापू.