एक ओळ लिहायला काय जात होतं?

‘असं कधी होतच नाही, मग तपासायचं कशाला?’ सातारा-सांगलीत बातम्या करताना हे वाक्य मी रोज ऐकतो. २०१९च्या महापुरात ब्रह्मनाळला बोटीत माणसं जास्त झाली, बोट उलटली. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरमध्ये तीच कथा. रकाने आले २०, कोड वाचायला गेला २१वा. मर्यादा तपासणारी ओळच नव्हती! जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. आपल्याकडं बोर्डिंग पास हातानं लिहायची वेळ आली. ॲप चुकलं तर ॲप बंद पडतं, ड्रायव्हर चुकला की अख्खा संगणक. तेव्हा तपासणीला फालतू म्हणून काट मारणाऱ्यांनो, ती कधीच लागणार नाही हे आधी सिद्ध करा. जमत नसेल तर ओळ राहू द्या.